मशीन पाठवण्याआधी

६ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

‘चि.’च्या पुढे ‘सौ.’ लिहायला पेन टेकवलं होतं, मग उचललं. तू सौ. आहेस की नाहीस हे सध्या दोन वकील ठरवताहेत, त्यांच्या पोटावर मी कशाला पाय देऊ? ‘सूनबाई’ मात्र लिहिलं. त्याला कुणाची सही लागत नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. कागद निदान वाजत तरी नाही.

वरच्या मजल्यावरची तुझी मैत्रीण काल येऊन गेली. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच उभी. तुझा निरोप म्हणे असा, की तुला एका कापडाच्या दुकानात मागचा कोपरा मिळालाय, पहिल्या तारखेपासून तू तिथे शिवायला बसणार, तेव्हा तुझी मशीन ट्रान्सपोर्टने पाठवून द्यावी. ‘द्यावी’ हा शब्द तुझा की तिचा, असं मी विचारलं. ती म्हणाली, “काकू, मी आपली टपालपेटी.” टपालपेटी एवढ्या रागाने बघत नाही.

मशीन तुझी आहे याबद्दल वाद नाही. तुझ्या आईची होती, तिच्या माघारी तुझ्याबरोबर या घरात आली, तुझ्याबरोबर जाईल. पण आहे तशी पाठवली तर उद्या तूच म्हणशील, सासूने मोडकं लोखंड गळ्यात मारलं. तुझीच तक्रार होती ना? चालता चालता मरगळते, गोगलगायीसारखी सरकते, आणि मग काही कारण नसताना घोड्यासारखी उधळते. सहा वर्षं हे ऐकलंय मी. तेव्हा आधी दुरुस्त करते, मग पाठवते. पहिल्या तारखेला अजून वेळ आहे.

काल दुपारी मीच उघडून बसले. हसू नकोस. सुई काढली, दात्यांवरची पट्टी काढली. दात्यांच्या खाचांत इतका कापूस साठलेला, की एका उशीला पुरला असता. बॉबिनच्या खाली निळ्या दोऱ्याचा गुंता होता. तो चिमट्याने ओढला तर त्यातून सुईचं मोडकं टोक आलं. ते कागदाच्या पुडीत ठेवलंय. बाकीची सुई कुठे गेली होती ते तुला माहीत आहेच. नवं नख येतंय असं वरची म्हणाली. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली.

आतला दांडा तर पिवळ्या गोंदात रुतलेला. तुझ्या नवऱ्याने एकदा मशीनला डोक्याचं तेल घातलं होतं, आठवतं? तुझ्या मशीनसाठी त्याने केलेलं ते एकमेव काम, आणि तेही खरवडून काढावं लागलं. रॉकेलच्या बोळ्याने सगळं पुसलं, मशीनचं तेल थेंबथेंब सोडलं, हाताने चाक फिरवलं. मग पेडलवर पाय ठेवून चालवून पाहिली.

अजून तशीच आहे. दुकानात न्यावी लागेल.

सासू
(निकाल लागेपर्यंत)


१५ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

मशीन दुकानात टाकली आहे. बाजारामागच्या गल्लीत एक मशीनवाला आहे, तो. माझ्याहून चार वर्षांनी तरी मोठा असेल, पण मला मावशी म्हणतो. मी त्याला दादा म्हणून पाहिलं, त्याच्या लक्षात आलं नाही.

मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे तू जे सांगायचीस ते. मरगळते, उधळते. त्याने मोटरला कान लावला, पट्टा बोटाने दाबला, म्हणाला, “पट्टा ढिला आहे, पण एवढा नाही.” तरी बदलला. मग मोटरमधले कार्बन काढून दाखवले, झिजून कुळथाएवढे झालेले. तेही बदलले. पेडल उघडलं, आतले पत्रे काळे पडले होते, ते घासले. वायर टोकापासून टोकापर्यंत मुडपून पाहिली, कुठे आतून तुटली असेल तर कळतं म्हणे. तुटलेली नव्हती. मग त्याने जीन्सचा एक जाड तुकडा चौपदरी केला आणि त्यावरून मशीन सोडली. मी बघत उभी होते.

“काय मावशी,” तो म्हणाला, “तुमची मशीन माहेरी गुणी आणि सासरी खोडकर दिसतेय.”

आजूबाजूची दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. काय करणार?

तर ती अजून त्याच्याकडेच आहे. त्याला आणखी काही दिवस निरीक्षण करायचंय. माणसांच्या दवाखान्यात असतं तसं.

तुला आणखी एक सांगायचं होतं, सांगावं की नाही कळत नव्हतं. रविवारी तुझा नवरा आला होता. एकटा नव्हता. ती बरी आहे दिसायला. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, पण तुझ्या शिवणाच्या खोलीत जाऊन आली. मशीनच्या टेबलाची रिकामी जागा बघितली, खिडकीची झडप उघडून बंद केली आणि म्हणाली, “आई, इथे एक डबल बेड सहज बसेल.” पहिल्याच भेटीत आई. तुला ते म्हणायला वर्ष लागलं होतं, आणि मी मनात धरलं होतं तेव्हा.

मी तिला म्हणाले, “इथे मशीन असते. दुरुस्तीला गेलीय. येईल.”

तुझा नवरा म्हणाला, “कुणाची मशीन आई आता? पाठवून दे ना तिची तिला, नाहीतर विकून टाक.” मी म्हणाले, बिघडलेली वस्तू कशी पाठवू? लोक काय म्हणतील?

बघ, माझ्या तोंडी ‘लोक काय म्हणतील’ कधीतरी उपयोगाला आलं.

सासू


२१ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझा निरोप मिळाला. ‘मशीन द्यायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मी भाड्याची बघते.’ वरचीने तो तुझ्या आवाजात म्हणून दाखवला. अगदी हुबेहूब, शेवटचा ‘बघते’ तर मला तुझ्या कपाळावरच्या आठीसकट दिसला.

तुला स्पष्ट हवं आहे, तर घे स्पष्ट.

मशीन ठणठणीत आहे. मशीनवाल्याने कार्बन बदलले म्हणून नव्हे. मी पहिल्या दिवशी साफ करून चालवली, तेव्हाच ती सरळ चालली होती. कुठे मरगळ नाही, कुठे उधळणं नाही. दोन पत्रांत मी तुला थाप मारली. का मारली ते मला विचारू नकोस, मी सांगणार नाही.

पण मग मला एक सांग. मी पाय ठेवते तर ती नीट चालते. मशीनवाला चालवतो तर नीट चालते. सहा वर्षं तुझ्याच पायाखाली ती का अडखळत होती? तू म्हणायचीस मशीन जुनी झाली. मग म्हणायचीस पेडल खराब. मग दोरा हलका, मग कापड जाड. गिऱ्हाइकाचे झगे वेळेवर होत नसत, चुण्या पडत, तू उसवत बसायचीस, दुपारचं जेवण चारला, आणि दोष कुणाचा? मशीनचा. त्या दिवशी मी जे म्हणाले ते म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं. तू त्याच संध्याकाळी पिशवी भरलीस. नवरा सोडून गेला तेव्हा ज्या बाईने घर सोडलं नाही, दोन वर्षं माझ्याबरोबर राहिली, तिने एका म्हणीवरून घर सोडलं. म्हण काही मी तयार केलेली नाही, आपल्या आज्यापणज्या म्हणत आल्या आहेत.

आता मशीनच साक्ष देतेय. अंगण सरळ आहे, बाई.

मशीनवाला सोमवारी घरी आणून देईल. मग पाठवते. भाड्याची बघू नकोस, भाड्याच्या मशीनवर कुणी कुणी पाय दिलेले असतात देव जाणे.

सासू


२४ फेब्रुवारी

सूनबाई,

माझं मागचं पत्र पोचलं नसेल तर बरं. पोचलं असेल आणि उघडलं नसशील तर उघडू नकोस. उघडलं असशील तर पुढचं वाच, मग काय ते कर. आज सकाळी मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत मनगटापर्यंत हात घालून बघितला. पेटी रिकामी होती. पोस्टाची व्यवस्था नको तेव्हा फार चोख असते.

काय झालं ते सांगते.

मशीनवाला आज मशीन घेऊन आला. “मावशी, सासरी कशी वागते बघूनच जातो,” म्हणाला. तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलावर बसवली, खिडकीखालच्या खटक्याच्या बोर्डात पिन लावली आणि जुन्या चादरीवर टीप टाकायला लागला. मी स्वयंपाकघरात होते. मशीनचा आवाज सुरू झाला तसा माझा हात आपोआप मिक्सरकडे गेला. वाटण भिजवून ठेवलेलं होतं, म्हटलं घ्यावं उरकून.

आतून तो ओरडला, “मावशी, लाइट गेली काय?”

“नाही हो, इथे आहे की,” मी म्हणाले आणि त्याचं नीट ऐकू यावं म्हणून मिक्सर बंद केला.

मशीन अशी काही उधळली, की ती मला इथपर्यंत ऐकू आली. आणि तो शिवी देऊन मागे सरकल्याचंही ऐकू आलं.

मी दारात गेले. तो बोट झटकत होता, लागलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाला, “आत्ता काय केलंत?”

“काही नाही. मिक्सर बंद केला.”

“पुन्हा लावा बघू.”

मी लावला. तिकडे मशीन बसल्या आवाजात कण्हायला लागली. बंद केला, उसळली. पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. वाटण्यासारखं भांड्यात काही उरलं नव्हतं तरी मी तेच करत राहिले, शेवटी तोच आत येऊन म्हणाला, “बास, मावशी. कळलं.”

मग त्याने स्वयंपाकघराचा खटका उघडला, तुझ्या खोलीचा उघडला. दोन्ही एकाच वायरीवर. वायर जुनी, मध्ये भिंतीत कुठेतरी जोड जळलेला. मिक्सर लावला की सगळा जोर तो ओढून घेतो, मशीनला उरतं ते पाणचट. “आता शिवणारी बाई काय करणार?” तो मला समजावत होता. “मशीन ऐकत नाही म्हणून ती पेडल दाबत जाणार. अजून दाबणार. आणि तेवढ्यात तुम्ही इकडे बटण बंद केलंत, की सगळी वीज एकदम तिच्या पायाखाली. सुई थांबणार कशी?”

मी विचारलं, “मिक्सर एकसारखा चालवला तर?”

“वाटताना कोण एकसारखा चालवतं? थांबवून चमचा फिरवायचा, पुन्हा लावायचा. नाही का?”

हो. मी तसंच करते. सहा वर्षं तसंच केलं.

तुला वाटेल योगायोग. तुला शिवताना आणि मला वाटताना नेमकी एकच वेळ कशी सापडली? योगायोग नाही. तू घरात नवीन होतीस तेव्हा एकदा म्हणाली होतीस, “आई, मिक्सर लागला की माझं डोकं उठतं.” मी तेव्हा बहुतेक तोंड वाकडं केलं असेल. पण त्यानंतर तू निवांत असताना मी कधी मिक्सर लावला नाही. मशीन सुरू झाली की लावायची. तुझ्या कानात तुझा स्वतःचा आवाज भरलेला असेल, त्यात माझा बुडून जाईल, असा माझा हिशेब. कधी कधी वाटण घेऊन तासभर वाट बघत बसायची, तू मशीनवर बसावंस म्हणून. तुला हे सांगितलं नाही. मला शिकवलंय असं, की चांगलं करावं ते बोलून दाखवू नये. वाईट बोलावं ते मात्र मोठ्याने, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं.

तू एकदा म्हणाली होतीस, “तुमचा मिक्सर माझ्या मशीनच्या मागे लागल्यासारखा आहे.” मला वाटलं टोमणा मारतेस. मीही मारला परत. आपण दोघी एका घरात, भिंतीच्या दोन बाजूंना. तू कधी उठून स्वयंपाकघरात आली असतीस, किंवा मी वाटणाचं भांडं घेऊन तुझ्या दारात उभी राहिले असते, तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. मशीन आणि मिक्सर चालू असताना आपण दोघी एका खोलीत कधी नव्हतोच.

त्या दिवशी मी दोनदा थांबवून चमचा फिरवला. तिसऱ्यांदा थांबवला तेव्हा तू किंचाळलीस. मी आले. तुझ्या बोटातून सुई आरपार गेलेली बघितली. आधी म्हण म्हणाले, मग फडकं आणायला गेले. हाच क्रम होता. मागच्या पत्रात मी लिहिलं नाही, पण तुला पाठ असेल.

मशीनवाला जाताना म्हणाला, “तुमचा काही दोष नाही मावशी, वायर जुनी.” भला माणूस. त्याला मी चहाही विचारला नाही.

सासू


२७ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

मशीन आज संध्याकाळच्या गाडीने निघते आहे. उद्या दुकानाच्या पत्त्यावर पोचेल, म्हणजे पहिल्या तारखेला तू वेळेवर बसशील. लाकडी खोक्यात आहे, आजूबाजूला जुन्या उशांचा कापूस भरलाय. हे पत्र ड्रॉवरमध्ये आहे, बॉबिनच्या डबीखाली. तुटलेल्या सुईच्या टोकाची पुडी पाठवत नाही, ती माझ्याकडे राहू दे.

तिथे बसण्याआधी एक कर. दुकानवाल्याला विचार, त्या खटक्याच्या वायरीवर आणखी काय काय चालतं. इस्त्री, पंपाची मोटर, काहीही. तो म्हणेल काही नाही. तरी सगळं एकेकदा लावून, बंद करून बघ. आणि मशीन अडखळली तर पेडल जास्त दाबू नकोस. पाय उचल. मशीनवाल्याने तीनदा बजावलंय. जीव मारून रेटू नये, पाय उचलावा.

काल वायरमन आला होता. तुझ्या खोलीला मीटरपासून वेगळी लाइन ओढून घेतली, नवा खटका, नवी पिन. तो विचारत होता, “इथे लावायचं काय आहे?” मी म्हणाले, “सध्या काही नाही.” त्याने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. तुझ्या नवऱ्याचाही फोन आला होता, खोली मोजायला येऊ का म्हणून. त्याला म्हणाले, खोलीत नुकतं लाइनीचं काम झालंय, प्लास्टर ओलं आहे. वाळायला किती दिवस लागतील, विचारत होता. मी म्हणाले, जाड भिंत आहे.

तू ये असं मी म्हणत नाही. ते म्हणण्याचा हक्क मी फडकं आणायला उशीर केला तिथेच गेला. लाइन आहे, एवढंच कळवते.

मशीन खोक्यात घालण्याआधी नव्या लाइनीवर एकदा चालवून बघितली. मिक्सर बंद होता. घरात दुसरं काहीच चालू नव्हतं, पंखासुद्धा. नवी सुई, चांगला दोरा, नवा पट्टा. मोटर एका सुरात होती, कुठे दमली नाही, कुठे उसळली नाही. मी श्वास रोखून एक सरळ टीप मारायला घेतली, चादरीच्या तुकड्यावर, वीतभर.

तो तुकडा सुईशेजारच्या दाबपट्टीखाली तसाच ठेवलाय. नव्या जागी दोऱ्याचा ताण बघायला चिंधी लागतेच, ती वापर. टीप बघशील तर सापासारखी गेली आहे, शेवटी तर कापडाच्या बाहेरच पडली.

या खेपेला अंगणाला काही म्हणायची सोय नाही.

सासू